चावी माझ्याकडे आहे

"झोऱ्या, दार उघड! चावी दे आणि मग बस आत मरत!"

हा फारिस. बाहेरून दाराला लाथा मारतोय. मी कॅसिनोच्या पार्किंगमधल्या बाथरूममध्ये आतून कडी लावून बसलोय, कमोडच्या झाकणावर, आणि मोबाईलवर हे लिहितोय. तोंडाने सांगून झालं. त्याला पटत नाही, ब्रेडीला तर त्याहून नाही.

"टॅक्सी करा," मी ओरडलो.

"रीमाची गाडी इथे टाकून टॅक्सी करू? तिला सांगू का तुझे प्रताप?"

"सांग. जा, सांगच."

रीमा फारिसची बहीण. गाडी तिची, जुनाट. चालू करताना इंजिनचा पट्टा असा किंचाळतो की आख्खी गल्ली जागी होते. रीमा दोन चौक सोडून पिझ्झाच्या दुकानात कामाला आहे. चिडेल. चिडू दे.

आज फारिसला एकोणीस पूर्ण झाली. इथे कॅनडात, विंडसरमध्ये, एकोणीस झाली की कॅसिनोत जाता येतं, म्हणून आम्ही आलो. मला मार्चमध्येच एकोणीस झाली, पण माझ्यासाठी कोणी काही केलं नाही, ते जाऊ दे. आमच्या लहानपणी या रस्त्यावर फळ्या ठोकलेली दुकानं आणि कबुतरं होती. आता झाडांना दिव्यांच्या माळा आहेत, आणि कॉफीवाला विचारतो, दूध कसलं हवं. ठरलं असं होतं की ते दोघं बिअर पिणार आणि मी कोला पिऊन गाडी चालवणार. कायम मीच. दुसऱ्यांच्या मजेत नुसतं बसायचं म्हणजे काय वैताग असतो ते मला विचारा.

खेळांवर पैजा लावायच्या हॉलमध्ये भिंतभर स्क्रीन, खाली चामड्याच्या खुर्च्या. डेट्रॉईट आणि टोरांटोची आइस हॉकी चालू होती. शाळा सोडली तेव्हा सर म्हणाले होते, या मुलाचं समोर लक्षच नसतं. खरंय. समोर फळा असो की स्क्रीन, मी आजूबाजूची माणसं बघतो. म्हणून तो म्हातारा मलाच आधी दिसला.

आमच्या डावीकडे एकटा बसला होता. निळी लोकरीची टोपी, जिंजर एलचा ग्लास. त्याने कपाळावर हात मारला, "अरेरे" म्हणाला. आणि मग, एक श्वास घेऊन होतो न होतो तोच, टोरांटोने गोल केला.

मी ब्रेडीला दाखवलं.

"कानात रेडिओ असेल," ब्रेडी म्हणाला. "रेडिओवर टीव्हीच्या आधी कळतं. माझे आजोबा तेच करायचे."

पटलं. तरी मी पाणी आणायच्या निमित्ताने म्हाताऱ्याच्या मागून गेलो. दोन्ही कान रिकामे. त्यात नुसते पांढरे केस.

फारिसला हे सांगायला नको होतं. त्याने खुर्चीच फिरवली. स्क्रीनकडे पाठ, तोंड म्हाताऱ्याकडे. म्हातारा हसला की डेट्रॉईटवर पैज, आठ्या पडल्या की टोरांटोवर. दर वेळी जिंकला.

"अरे, लाज वाटू दे," मी म्हणालो. "असं कोणाच्या तोंडाकडे बघत बसतात का?"

"तू कोला पी ना, ड्रायव्हरसाहेब."

पण अंतर वाढत होतं. आधी एका श्वासाचं होतं. मग म्हातारा ओरडायचा, शांत व्हायचा, चिप्स संपवायचा, आणि तेव्हा कुठे गोल व्हायचा. दुसऱ्या मध्यंतरात बर्फ सारखा करायचं यंत्र रिंकवर गोल गोल फिरत होतं, बघण्यासारखं काहीच नव्हतं. म्हातारा ताडकन उठला, दोन्ही हात वर केले, डोळे पुसले. मग कोट चढवला, बटणं लावली. त्याची मॅच संपली होती.

"डेट्रॉईट!" म्हणत फारिस पैजेच्या खिडकीकडे पळाला, होतं नव्हतं ते लावून आला.

म्हातारा कोट घालून परत बसला. गेला नाही. आता तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. समोरचा ग्लास त्याने बाजूला सरकवला, हवेकडे बघून "थँक्यू, बेटा" म्हणाला. बऱ्याच वेळाने वेट्रेस पोरगी आली आणि नाचोजची प्लेट नेमकी त्या मोकळ्या जागेत ठेवून गेली. तेव्हा तो काहीच बोलला नाही. तिने तोंड वाकडं केलं.

मी कोला तसाच ठेवून उठलो.

"चला रे, निघू या," मी म्हणालो.

"येडा आहेस का? तिसरा पिरियड राहिलाय!"

डेट्रॉईट जिंकलं. सगळा हॉल उभा राहिला, अनोळखी माणसं गळ्यात पडली. दोघं नाचत पैसे घ्यायला गेले. मी टेबलाशी एकटा, बोटात गाडीची चावी फिरवत.

म्हातारा आमच्या टेबलाकडे बघत होता.

त्याने तोंडावर हात धरला. मग टोपी काढली, छातीशी धरली, आणि उठून माझ्याकडे आला. फारिसची खुर्ची त्याने हळूच टेबलाखाली सरकवली. मग ब्रेडीची. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण सारखं करावं, तसं.

माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात ग्लासने गार पडले होते.

"स्वतःला दोष देऊ नकोस, बाळा," तो म्हणाला. "चावी शेवटपर्यंत तुझ्याच हातात होती."

आणि गेला.

म्हणजे चावी हातातून सोडू नकोस. दुसरा काय अर्थ होणार? चावी नाही तर गाडी नाही. गाडी नाही तर अपघात नाही. साधा हिशेब आहे, आणि या दोन गाढवांना कळत नाही. दोन तास त्या म्हाताऱ्याच्या आठ्यांवर पैसे लावले, आणि आता म्हणे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय! गाडीपाशी फारिस माझ्या अंगावर आला, मी त्याला ढकललं आणि इथे येऊन कडी लावली.

दाराशेजारी दुधी काचेची पट्टी आहे. मघाशी तिच्यातून फारिसचं पिवळं जाकीट दिसत होतं. ब्रेडीचा आवाज बराच वेळ आलेला नाही. आता लाथाही थांबल्यात. दमले एकदाचे. सकाळपर्यंत बसावं लागलं तरी बसेन. उद्या दोघं मला शिव्या देतील, आणि मी पोटभर ऐकून घेईन.

दाराखालून पिझ्झाचा वास येतोय.

"झोऱ्या!" हा ब्रेडी. धापा टाकतोय, हसतोय. "बस एकटाच! आम्ही चाललो!"

गाडीची दारं आपटली. एक. दोन.

पट्टा किंचाळला.

गाडीच्या मागच्या दिव्यांनी दुधी काच लाल झालीये.

दुसरी चावी रीमाकडे असते, ती आणली त्यांनी. ही माझ्या मुठीत आहे. तिचे दात तळव्यात रुतलेत. मला निघायला हवं, आत्ता