माळावरची फक्की

"अहो, तुमच्या टोपीखाली केस आहेत, की नुसतंच टक्कल?"

विचारलं मी! छबी पैज हरली. मागं ओढ्याच्या काठाला छबी नि बाकीच्या मैत्रिणी तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या, आणि मी, मॅट्रिकच्या वर्गातली सतरा वर्षांची इंद्रायणी, दप्तर छातीशी धरून त्या खाकी टोपीवाल्यासमोर उभी.

त्यानं टोपी आणखी खाली ओढली. "वनखात्याची टोपी आहे. आतलं दाखवायला वरून हुकूम लागतो."

"मग आणा हुकूम!"

"आधी तुम्ही अर्ज करा..." तो हसला. मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी 'तुम्ही' म्हणालं होतं.

ज्योतीराम त्याचं नाव. माणदेशाकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा, नवाकोरा फॉरेस्ट गार्ड. चाकणच्या शाळेतून निघोज्याला परतताना जो मोठा माळ लागतो, त्यावर यंदा वनमहोत्सवात हजारो रोपं लागणार होती. ज्योतीराम दोरी ताणायचा आणि दर दहा फुटांवर चुन्याची फक्की टाकायचा. सकाळी मजूर यायचे नि पांढरं दिसेल तिथं खड्डा घ्यायचे.

त्या दिवसापासून माझी चप्पल रोज त्याच माळावर तुटायला लागली. मैत्रिणी पुढं जायच्या... मी मागं.

"एक दाखवू?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "पण बोलायचं नाही. जमेल तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? मी वर्गात सगळ्यात गप्प—"

"हेच म्हणतोय."

मी तोंडावर हात ठेवला. गवतात एक उंच मान हलली. माळढोक! लांबून लहानपणापासून पाहिलेली. ती चरायला दूर गेली, तेव्हा त्यानं मला तिचं अंडं दाखवलं. एकच. उघड्या जमिनीवर, मातकट हिरवं. काडी नाही, घरटं नाही.

"इथं एवढी झाडं लागली की बसेल की झाडावर," मी कुजबुजले.

"ही झाडावर बसत नाही. हिला मोकळं लागतं, लांबवरचं दिसावं लागतं. झाडं हवीतच हो, सगळी माती वाहून चाललीय. पण ती उतारावर लावा, ओढ्याला लावा. सगळाच माळ का?" मग जरा थांबून, "मी इथल्या नऊ खड्ड्यांची फक्की टाकलीच नाही. रेंजरसाहेब आले की अंडं दाखवणार. त्यांना पटलं, तर वरचा माळही तसाच राहील."

मग आम्ही रोज खडकाआड बसून तिला बघायचो. म्हणजे तो बघायचा. मी पण बघायचे... थोडंसं. उरलेला वेळ मी काय बघायचे, ते जाऊ दे.

एका संध्याकाळी तो नव्हता, रोपं आणायला गेला होता. आणि गावातल्या शेळ्या थेट अंड्यापाशी! मी दगड मारून हाकलल्या. पण उद्या? कुणाचा पाय पडला तर? फक्कीचं पोतं खडकाशी पडलं होतं. मी मुठी भरून घेतल्या आणि अंड्याभोवती गोल काढला, सणाच्या ताटाभोवती रांगोळी काढतात ना, तसा. इतका सुबक आला की घरापर्यंत गाणं म्हणत गेले.

पांढरं दिसेल तिथं खड्डा. रोज डोळ्यांनी बघत होते मी. तरीही...

सकाळी तिथं गुडघाभर खड्डा होता. उपसलेल्या मातीत कवचाचा एक तुकडा, त्यावर मुंग्या. ती दूर उभी होती. चार पावलं जवळ यायची, थबकायची, परत फिरायची.

ज्योतीराम खड्ड्याशी उभा होता. त्यानं टोपी काढली.

केस होते. दाट, कुरळे. असे बघायचे नव्हते मला.

"फक्की कुणी टाकली?" त्यानं मातीकडं बघत विचारलं. मग त्याची नजर माझ्या बोटांवर आली. चुन्यानं चिरा पडल्या होत्या. त्यानं नजर काढून घेतली.

दुपारी रेंजरसाहेब आले. शाळेतून परतताना मी लांबूनच ऐकलं.

"या ओळीत नऊ खड्डे कमी का?"

"माळढोकीचं अंडं होतं साहेब."

"कुठं आहे? दाखव."

दाखवायला खड्डा होता फक्त. त्यानं कवच पुढं केलं.

"कोंबडीचंही असंच असतं. मेंढरांना चराई सोडलीस आणि नाव पाखराचं घेतोस! उद्या सकाळी चावडीवर पंचनामा. परवा वरच्या माळावर दोऱ्या लागतील. तू मात्र इथं नसशील."

साहेब गेल्यावर मी पुढं झाले.

"माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गावानं ते चघळलं असतं." तो टोपीची कड बोटांनी कुरवाळत राहिला. "मी ते... नीट ठेवलंय. माझ्यापाशी."

मी खड्ड्याकडं वळले.

"ती पुन्हा घालेल अंडं?"

"मोकळी जागा उरली, तर घालेलही."

"आणि नाही उरली तर?"

त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि दोरी गुंडाळायला लागला.

घरी आई पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत होती. रविवारी मला बघायला पाहुणे यायचे होते, पिंपरीच्या नव्या कारखान्यातलं स्थळ. आबा दारात पान जुळवत बसले होते.

"आबा, उद्या मी चावडीवर येणार."

"चावडीव? पोरीचं काय काम हाय तिथं?"

"त्या गार्डनं खोटं सांगितलेलं नाही. अंडं होतं. भोवती फक्की मी टाकली, म्हणून ते फुटलं."

आईचा हात सुपात थांबला. "आन् अंडं व्हतं, ह्ये तुला कसं ठावं?"

"रोज बघत होते. त्याच्याबरोबर."

आबांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"इंद्रे," आई अगदी हळू म्हणाली, "ह्ये समद्या गावाम्होरं बोललीस, तर पाव्हणं उंबऱ्यात पाय बी ठेवायचं न्हाईत."

"माहीत आहे," मी म्हणाले. "ते तांदूळ परत कणगीत ओत, आई. मी उद्या बोलणार आहे."