गादीची उजवी बाजू

दुकानात बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर तंबूतल्या हवेच्या गादीवर आडवं होऊन बघायचं, याची त्या गावात कुणाला लाज वाटत नाही. डोंगरात रात्र काढायची तर पाठीखाली काय असणार ते आधी बघून घ्यावं, हे नॉर्वेच्या त्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून त्या शनिवारी सुनिवा आणि तोरगाइर, दोघंही पन्नाशी ओलांडलेली, दुकानाच्या फरशीवर शेजारी शेजारी पडून छताकडे बघत होती.

लग्न होऊन सहा महिने झाले होते. सुनिवाचा पहिला संसार कधीच मोडला होता, नवऱ्याच्या खोटेपणापायी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती झाली होती. तोरगाइरची पहिली बायको, ओशिल्ड, सहा वर्षांपूर्वी डोंगरातच गेली. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी होती. हृदय, एवढंच म्हणायचे आणि हवापाण्याचं काढायचे.

विक्रेती मुलगी हुशार होती. एका व्हॉल्व्हची जोडगादी स्वस्त पडते, पण एकाने कूस बदलली की दुसरा उडतो, असं तिने सांगितलं. त्यापेक्षा ही घ्या, दोन्ही बाजूंची हवा वेगळी, आणि मधे फट नाही, म्हणजे गारठा वर येत नाही.

"आपापली बाजू आपण भरायची. भांडण नको," ती हसून म्हणाली.

तोरगाइर हसला नाही. सुनिवाच्या लक्षात आलं की तो डाव्या कडेला इतका सरकून पडलाय की दोघांच्या मधे हातभर जागा रिकामी आहे.

"मधे कुणासाठी ठेवलीयेस रे जागा?" तिने थट्टेने विचारलं.

तो उठला आणि बुटांच्या नाड्या बांधायला लागला.

तिच्या मनात पाल चुकचुकली, पण ती काही पहिल्यांदा नव्हे. तोरगाइर दर रविवारी खाडीकाठच्या नावघरात जायचा आणि दोन-दोन तास परतायचा नाही. होडीला तेल लावतो म्हणायचा. हाताला मात्र तेलाचा वास कधी आला नव्हता. दुकानातून घरी येऊन तो पाठपिशवी भरू लागला, तेव्हाही तिने पाहिलं की पाव, चीज, कॉफी यांच्या मागोमाग आटवलेल्या दुधाची एक छोटी ट्यूब आत गेली. कॉफी तर दोघंही कोरीच पीत.

"दूध कुणाला?" तिने विचारलं.

"असू दे. सवय आहे."

तंबू नावघरात होता. तोरगाइर दुपारी पोलादी खुंट्या आणायला पुन्हा बाजारात गेला, तेव्हा सुनिवाच तंबू आणायला उतरली. आत डांबराचा आणि जुन्या जाळ्यांचा वास होता. शिडी चढून ती माळ्यावर गेली आणि जागच्या जागी थांबली.

माळ्यावर एक जुनी नारिंगी जोडगादी अंथरलेली होती. तिची डावी बाजू सपाट. उजवी बाजू मात्र टम्म फुगलेली, आणि तिच्यावर लोकरीचं पांघरूण नीट ओढलेलं. जसं आताच कुणीतरी उठून गेलंय.

तिला रडू फुटणार होतं. पुन्हा तेच, या वयात, इतक्या विश्वासाने हात धरल्यावर. कोण येतं इथे? गावातलीच कुणी असणार, आणि गावाला माहीतही असणार.

पण हाताला काय सवय असते बघा. हवेची गादी ठेवायची ती हवा काढून, व्हॉल्व्ह उघडा टाकून, नाहीतर आतून बुरशी धरते. हे तिकडे पोरांना मुळाक्षरांबरोबर शिकवतात. मन जळत होतं आणि हात मात्र आपलं काम करत होते. तिने पांघरुणाची घडी घातली, वाकली आणि उजवा व्हॉल्व्ह उघडला.

हवा भसकन निघाली नाही. हळूहळू आली, संथ, आणि कोमट. सुनिवा वाट बघत राहिली, तरी ती संपेना. त्या हवेला वास होता... कापराचा. प्रवचन लांबलं की चर्चमधल्या म्हाताऱ्या कापराच्या कडक गोळ्या चघळतात, तो वास. शेवटी हवा थांबली असं वाटलं. मग एक आचका आला, उरलीसुरली बाहेर पडली, आणि गादी निपचित झाली.

तिने ती गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. तोरगाइरला काही बोलली नाही. डोंगरात विचारीन, तिथे त्याला उठून जायला दार नसेल, असं तिने ठरवलं.

रविवारी सकाळीच दोघं निघाली. वर तळ्यापाशी धुकं इतकं खाली आलं होतं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. तोरगाइरने तंबू ठोकला, नवी गादी आत टाकली. सुनिवा पाणी आणायला गेली आणि मुद्दामच रेंगाळली. परतली तेव्हा सूप तयार होतं. दोन घास पोटात गेल्यावर तिने विचारलं.

"नावघराच्या माळ्यावर कोण झोपतं, तोरगाइर?"

त्याने चमचा खाली ठेवला.

"कुणी नाही... मीच जाऊन शेजारी पडतो," तो म्हणाला. "ओशिल्डला पंप आवडायचा नाही. आपली बाजू ती तोंडाने फुंकून भरायची. गोळी चघळत, थांबत थांबत. त्या सकाळी उठली, तोंड धुवायला पाण्याकडे गेली आणि तिथेच पडली. नंतर सामान आवरताना माझ्या बाजूची हवा मी सोडली. तिच्या बाजूची... नाही सोडता आली."

"का?"

"तिचा श्वास आहे गं तो. तेवढाच उरला होता. सहा वर्षांत जराही कमी नाही झाला."

काल क्षणभर जिला सुनिवाने मनात शिव्या घातल्या, ती ही होती.

"तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं," तो म्हणाला. "परत गेलो की तुझ्यासमोर व्हॉल्व्ह उघडतो. आता तू आहेस."

किती दिवसांपासून तिला हेच ऐकायचं होतं! पण तो व्हॉल्व्ह तिने कालच स्वतःच्या हाताने उघडला होता. आता खरं सांगितलं तर हा माणूस आपलं तोंड तरी बघेल का? खोटेपणाचा तिला किती तिटकारा, आणि आज तिचीच जीभ उचलेना. "घाई नाही," एवढंच ती पुटपुटली.

तोरगाइरने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोकळेपणाने म्हणाला, "चल, पडूया. तुझी बाजू तू मघाशीच भरून ठेवलीस, म्हणून मी फक्त माझी भरली."

सुनिवाने तंबूचा पडदा सारला. नव्या गादीची उजवी बाजू टम्म फुगलेली होती. तिने तर त्या गादीला अजून हातही लावला नव्हता.

हे सांगायचं तर माळ्यावरचं सगळंच सांगावं लागलं असतं. ती मुकाट्याने त्या बाजूवर आडवी झाली. आणि खोटं कशाला बोला, तिच्या दुखऱ्या पाठीला इतका आराम आयुष्यात कधी मिळाला नव्हता. कुणीतरी अलगद झेलून धरल्यासारखं वाटत होतं. शेजारी तोरगाइर घोरायला लागला. तिने स्वतःचा श्वास रोखून पाहिला. तरी पाठीखालची गादी हळूच वर येत होती... हळूच खाली जात होती.

डोळा कधी लागला ते तिला कळलं नाही. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि बाहेर तोरगाइर स्टोव्हवर कॉफी उकळत होता. आवरायचं, हवा काढायची, खाली जायचं आणि घरी पोचून त्याला सगळं खरं सांगायचं. असं मनाशी पक्कं करून तिने उजव्या व्हॉल्व्हचं बूच उघडलं.

हवा बाहेर आलीच नाही.

ती आणखी खाली वाकली. तिच्या कपाळावरची सुटी बट व्हॉल्व्हच्या तोंडाकडे वळली आणि आत ओढली जाऊ लागली. गादी आधीच तट्ट होती, तरी ती हवा आत घेत होती. संथ, लांबलचक. बोलण्याआधी माणूस छाती भरून घेतं, तशी.

"झालं का गं तुझं?" बाहेरून तोरगाइरने विचारलं.

"झालं."

सुनिवाने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. तंबूत कापराचा वास पसरला.

बाहेर पातेल्यातला चमचा थांबला. मग तोरगाइर बोलला, अगदी हळू, सहा महिन्यांत सुनिवाशी तो ज्या आवाजात एकदाही बोलला नव्हता त्या आवाजात.

"दूध घालू ना... कॉफीत?"