बिचारे कुसळी किडे

"हलू नका!"

मी कसली हलतेय… माझ्या टाकीतून काढून आणलेल्या, बादलीतल्या दगडावर हात ठेवला, तोच बोटांत शंभर सुया घुसल्यासारखी आग उठली होती.

मार्चमधला शनिवार होता. चर्चच्या तळघरात खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्यांचा मेळावा भरला होता. आपल्याकडचा प्रवाळाचा तुकडा द्यायचा, दुसऱ्याचा घ्यायचा. बाहेर सरोवरावरून बोचरा वारा, आत कॉफीचा वास. आणि माझं मनगट धरून उभा होता टॅड! दर महिन्याला माझ्या टेबलावरून हिरव्या गवतासारख्या प्रवाळाचा एक तुकडा उचलून, नुसतं "थँक यू" पुटपुटून पळणारा.

"चोळू नका, कुसळं आणखी आत जातील."

खोकी बांधायची चिकटपट्टी त्याने माझ्या बोटांवर अलगद बसवली आणि ओढली. पट्टीवर काचेच्या धाग्यांसारखी बारीक कुसळं चमकली. मग उपासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये होणाऱ्या मासळीच्या जेवणातली उरलेली व्हिनेगरची बाटली त्याने स्वयंपाकघरातून आणली.

"आता दिवसभर बोटांना व्हिनेगर शिंपडलेल्या तळलेल्या बटाट्यांचा वास येणार," तो म्हणाला. "हातमोजे का नाही घातले?"

"रागात होते."

"तुम्ही? तुमचा तर आवाजही ऐकू येत नाही."

"ईस्टरपर्यंत आवाज चढवायचा नाही, असं व्रत आहे. नाहीतर या किड्यांना चांगलं सुनावलं असतं."

दगडाच्या भेगांतून नारिंगी किडे डोकावत होते, दोन्ही अंगांना पांढऱ्या कुसळांची झालर.

"बाबांनी टाकीत वाढवलेला निळा शिंपला खाताहेत हे," मी म्हटलं. "बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलंय… आज सगळे दगड उकळून काढणार आहे."

"उकळू नका!"

अख्खं तळघर वळून पाहू लागलं. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे… दगडावर कधीकधी विषारी प्रवाळ असतं. वाफेतून ते विष अंगात जातं. आणि हे बिचारे जिवंत शिंपला नाही हो खात. मेलेलं, सडलेलं, उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतात. शिंपला आजारी असेल म्हणून जमलेत. मी… उद्या येऊन बघू का?"

"चर्चमधली सकाळची मिस्सा झाल्यावर घरी या," मी म्हटलं.

तो आला. खिशात नवाकोरा मऊ टूथब्रश. त्याने शिंपला हळूच उचलून तळाची बाजू माझ्याकडे वळवली. कडेला तांदळाच्या कण्यांसारखं काहीतरी चिकटलं होतं.

"हे खरे चोर! चिमुकल्या गोगलगायी. शिंपल्याचा रस शोषतात."

इतके दिवस माझ्या नजरेत मात्र कुसळंच तेवढी भरली होती. तो एकेक कणी ब्रशने सोडवत होता, बाळाचे दात घासावेत इतक्या हळुवारपणे. मी काचेला तोंड लावून किड्यांची माफी मागितली.

"त्यांना ऐकू गेलं नसणार," तो गंभीरपणे म्हणाला. "मलाच जेमतेम आलं."

मग दर रविवारी तो यायचा, ब्रश घेऊन. आधी कण्या कमी झाल्या, नंतर दिसेनाशा झाल्या. आणि ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी शिंपला पूर्ण उमलला… निळा, अगदी बाबांच्या वेळेसारखा निळा! माझे डोळे भरून आले. टॅड खिडकीबाहेर बघत राहिला.

"छान झालं," तो म्हणाला. "आता… पुढच्या रविवारी काही कामच नाही."

ईस्टरला मी गोड पाव घेऊन त्याच्या घरी गेले. दार उघडलं आणि समोर त्याची टाकी दिसली. दगड, काच, पंपाची नळीसुद्धा हिरवी! सगळीकडे माझंच गवत डुलत होतं.

"अहो, हे काय! हे एकदा धरलं की सगळं गिळून टाकतं. म्हणून तर कोणी घेत नाही."

"माहीत आहे. अकरा तुकडे झाले."

"मग का घेतलेत?"

"दर वेळी ठरवायचो, या खेपेला बोलायचंच. तुकडा हातात यायचा… शब्द यायचे नाहीत."

माझं व्रत सुटलं होतं, हवं तर ओरडायची मुभा होती. पण आवाज आणखीच खाली गेला.

"टॅड… काम नसलं तरी ये ना. दर रविवारी."

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

कान लालबुंद झाले होते त्याचे. म्हणजे ऐकू आलं होतं.

मी दोन पावलं पुढे झाले आणि पुन्हा म्हटलं.