टाकीवरची चार बोटं

"क्लच दाबला, तर पेडल थेट पत्र्याला टेकलं. दिनकररावांची जीप चारठाण्याच्या बाजारात चहाच्या गाड्यावर चढली," कडूबाई म्हणाल्या. जिंतूरचं हे गॅरेज त्यांचं. "नागसेननं कालच क्लचचे दोन्ही सिलिंडर नवे बसवले. आता राव म्हणायलेत, संध्याकाळपर्यंत त्याला कामावरून काढा. खरं काय ते बघा, ताई."

पंकजा परभणीची खासगी गुप्तहेर. सत्तावीस वर्षं हवालदारकी केलेला बन्सीधर तिच्या मागे वही घेऊन चालायचा. लोक 'ताई' म्हणत तिलाच खुर्ची देत. ते त्याला फार डाचायचं.

पंकजा जीपखालून उठली. "हवा काढायचं निपल ढिलं आहे. तेल गळलं, हवा शिरली."

"नागसेन आवळायला विसरला," बन्सीधर म्हणाला आणि त्याने ते लिहूनही टाकलं.

"पाना लावून आवळलं व्हतं," नागसेन रडवेला झाला. क्लचच्या तेलाची डबी दाखवताना बॉनेटवर थेंब सांडला, तसं त्याने बोलता बोलता मगभर पाणी ओतलं.

रावांचा ड्रायव्हर ओमप्रकाश म्हणाला, "हवा काढताना पेडल मीच दाबलं. गाडी फिरवून आणली, पेडल टणक. मग मी आन नागसेन जेवायला गेलो. इथं आसाराम मिस्त्रीच व्हते."

आसाराम ट्रॅक्टरच्या इंजिनांचा जुना उस्ताद. "त्या तेलाला आपुन बोट लावत न्हाई," तो चिंधीला हात पुसत म्हणाला. "गिऱ्हाईक त्यालाच हुडकायलंय आता."

शेजारी त्याची लाल मोटरसायकल होती. टाकीवर लेकीचं नाव, 'वैष्णवी'. रंग परवाचाच, पण नावावर चार ठिकाणी फुगलेला.

"पेट्रोल सांडलं असंल," आसाराम म्हणाला.

पंकजाने सगळ्यांना तिथेच बोलावलं. "पेट्रोलचा ओघळ झाकणापासून आला असता. ही चार बोटं आहेत. क्लचचं तेल रंग खातं, म्हणून नागसेन लगेच पाणी ओततो. आसाराम मिस्त्री, तुम्हाला सवय ग्रीसची, त्याने रंग जात नाही. निपल ढिलं केलंत, हात चिंधीला पुसलात आणि टाकीला धरून ही मोटरसायकल सरकवलीत. फिरवून आणली तेव्हा पेडल टणक होतं. नंतर इथे तुम्ही एकटेच होता."

आसाराम मोटरसायकलकडे वळला. "अठरा वर्षं झाली मला हितं. काल राव माझ्यासमोर म्हणले, 'तुला न्हाई जमायचं, नागसेनला बोलव.' लय जळलो, ताई." त्याने लेकीच्या नावावरून बोट फिरवलं तसा 'वै' पापुद्र्यासकट निघून आला.

 नागसेनने पाना घेतला आणि निपल आवळायला तो जीपखाली शिरला.

"काका, वही द्या," पंकजा म्हणाली.

बन्सीधरने 'नागसेन विसरला' लिहिलेलं पहिलं पान आधी फाडून घेतलं. "एकदा तरी तुझ्याआधी उत्तर सांगायचं होतं," तो हळूच म्हणाला. त्यापायी एका पोराच्या पोटावर पाय आला असता, आणि तोही बन्सीधरच्याच अक्षरातल्या एका ओळीने.