तिसरी फ्रेम

"जरा सरकता का मॅडम? तुमच्या टोपीचा गोंडा माझ्या सूर्यात येऊन राहिला."

उत्तराने मान वळवली. नागपूरच्या अंबाझरी तलावावरचं डिसेंबरचं धुकं अजून उठायचं होतं. बांधावर, तिच्या हाताच्या अंतरावर, एक तरुण ट्रायपॉडवर कॅमेरा लावून ओणवा उभा होता. मफलर कानांवरून घट्ट बांधलेला, एक डोळा मिटलेला. ती दोन पावलं बाजूला झाली.

"थँक्यू जी," तो म्हणाला, आणि कॅमेरा पाठोपाठ तीनदा वाजला. खट्… खट्… खट्.

उत्तराचं अजून काहीच झालं नव्हतं. भिंगासमोर अर्धी काळी, अर्धी पारदर्शक काच धरून ती उजेड मोजत होती. वरचं आभाळ काळ्या भागामागे झाकायचं, खालच्या पाण्याला पूर्ण उजेड द्यायचा आणि थांबायचं. ती थांबली. एक बगळा उडून गेला. मग तिने एकदाच बटण दाबलं.

"बस? एकच?" त्याने विचारलं.

"तुम्ही एकाच दृश्याचे तीन का काढता?"

"एक बरोबर उजेडाचा, एक कमी, एक जास्त. घरी तिन्ही एकमेकांत मिसळायचे. एचडीआर. आभाळही राहते अन् झाडाखालचं सगळंही राहते. काहीच सोडावं लागत नाही."

"डोळ्यांना तरी एका वेळी सगळं कुठे दिसतं?"

"डोळा फिरते नं मॅडम! आधी आभाळ पाहते, मंग पाणी. जिथं जाईन तिथं बाहुली लहान-मोठी होते. डोळा किती फोटो काढते, सांगा बरं."

उत्तरा कॉलेजात प्रकाशशास्त्र शिकवत होती. बाहुलीचा हा धडा तिने किती वर्गांपुढे घेतला होता! आज तोच कोणीतरी तिला ऐकवत होतं, याचं तिला हसू आलं.

"माझं म्हणणं इतकंच आहे," ती काच पुसत म्हणाली, "की उजेड कशाला द्यायचा ते आधी ठरवावं. बाकीचं काळोखात गेलं तर जाऊ द्यावं."

"अन् जे काळोखात गेलं, त्याले काय वाटत असन?"

हे त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारलं, की तिने काच पुसणं थांबवलं…

त्याचं नाव सुशील. नरखेडकडच्या एका गावात वडिलांसोबत संत्र्याची बाग पाहायचा. संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात आला, की सौदा उरकेपर्यंत कॅमेरा घेऊन अंबाझरीला यायचा. आता त्याच्या आणखी फेऱ्या होऊ लागल्या. प्रत्येक वेळी कळमन्यात काम असतंच असं नाही, हे उत्तराला कळत होतं. ती विचारत नव्हती.

भांडण मात्र दर भेटीत. त्याचे फोटो पाहून ती म्हणायची, "हे तळं आहे की मिठाईवाल्याचं कॅलेंडर?" तिचे पाहून तो म्हणायचा, "तुमच्या फोटोत माणूस आला, की त्याची सावलीच काहून होते? गरिबाचं तोंड तरी दिसू द्या!"

"मी आभाळ जपते."

"आभाळ कोणाले पळून जाऊन राहिलं?"

फोटोग्राफर मंडळींच्या वार्षिक प्रदर्शनात प्रत्येकाचा एक फोटो लागणार होता. सुशीलला बागेतल्या सकाळचा द्यायचा होता. "या नं एकदा आमच्याकडे," तो म्हणाला. "आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली. झाडं दिवाळीसारखी दिसतात."

ती गेली. एसटीतून उतरली तेव्हा तो मोटरसायकल घेऊन उभा होता. बागेत धुकं झाडांच्या कमरेपर्यंत होतं आणि त्यावर ती केशरी फळं. त्याची आई, गोपिकाबाई, विहिरीजवळ टोपल्या लावत होती. तिने उत्तराला खालून वर न्याहाळलं आणि दोन संत्री तिच्या ओंजळीत ठेवली. "खाय वं पोरी. फोटो पाहून पोट नाही भरत."

झाडांच्या दोन ओळींमधून उत्तरा सूर्याच्या दिशेने चालत निघाली. मागे ट्रायपॉडवर त्याचा कॅमेरा वाजला. खट्… आवाजासरशी ती चालता-चालताच वळू लागली. खट्… मग ती जागच्या जागी थांबली. खट्.

मग बांधावर बसून त्यांनी संत्री सोलली. सालीचा तिखट तुषार हवेत उडाला. उत्तराने तिथेच सांगून टाकलं, "मला अहमदाबादच्या प्रयोगशाळेत काम मिळालंय. दोन वर्षांचं. जानेवारीत जायचं."

सुशीलने फोड तोंडात टाकली. पुष्कळ वेळ चावली.

"चांगलंच झालं नं," तो सालीकडे बघत म्हणाला.

बस, एवढंच. परतीच्या एसटीत खिडकीच्या गार काचेला डोकं टेकून ती बसली होती. त्याने थांब म्हणावं, असं तिला वाटत नव्हतं. ती थांबणारही नव्हती. पण काहीतरी म्हणावं… तिचं जाणं त्याला सलतंय, एवढं तरी. हा माणूस कशालाच सोडत नाही आणि कशाला धरतही नाही, असं तिच्या मनात आलं. मला ठेवेल तरी कसं? थोडंसं, बाकी सगळ्याबरोबर?

प्रदर्शनासाठी फोटो छापून घ्यायचा दिवस आला. सीताबर्डीतल्या दुकानात सुशील आधीच पोचला होता. "बसा," त्याने स्टूल पुढे सरकवलं. "पाहा, काय निघालाय!"

पडद्यावर बाग उजळली. आभाळात गुलाबी थर, धुक्याची प्रत्येक घडी, झाडाखालची ओली माती, एकूण एक संत्रं. कुठेच काळोख नाही, कुठेच पांढरं पडलेलं नाही. उत्तराने फोटो डावीकडून उजवीकडे पाहिला. मग परत पाहिला.

"सुशील… मी कुठे आहे?"

"म्हंजे? मधातच तर—" तो पडद्याजवळ वाकला. झाडांच्या दोन ओळींमधली वाट मोकळी होती.

दुकानदाराने मान लांब करून पाहिलं. "भाऊ, भूत काढायची सोय चालू राहिली असन तुमची. तिन्ही फोटोत माणूस वेगळ्या जागी असला, की सॉफ्टवेअर त्याले चूक समजते. पुसून टाकते."

सुशीलचा चेहरा उतरला. "मी संत्री मोजल्यासारखा एक एक कोपरा पाहिला," तो हळू म्हणाला. "अन् हेच नाही पाहिलं."

"फोटो छान आलाय," उत्तरा म्हणाली. आवाज तिला हवा तेवढा सरळ निघाला नाही.

"छान कशाचा? रिकामा आहे तो." त्याने घाईघाईने मूळच्या तीन फ्रेमा शेजारी-शेजारी उघडल्या. "आता मिसळामिसळ नाही. यातला एकच. तू सांगशील तो."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघंही पडद्याकडेच बघत राहिले.

पहिल्या फ्रेममध्ये ती पाठमोरी चालत होती. दुसरी कमी उजेडाची. आभाळ सुरेख, आणि ती वळता-वळता झालेली एक काळी आकृती. नियमाने बघायचं तर हीच निर्दोष. कोणी बोट ठेवलं नसतं. जास्त उजेडाच्या तिसरीत आभाळ पार गेलं होतं, नुसता पांढरा कागद; पण ती थांबलेली होती म्हणून चेहरा स्वच्छ आला होता. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होती.

आपण असं बघतो? उत्तराचे कान तापले. हा फोटो भिंतीवर लागला तर तिचे सहकारी बघतील, विद्यार्थी बघतील. कोणालाही काही विचारायची गरज उरणार नाही.

दुसऱ्या फ्रेमवर बोट ठेवणं फार सोपं होतं.

"हा," ती म्हणाली. बोट तिसरीवर होतं.

"याच्यात आभाळच नाही, मॅडम," दुकानदार म्हणाला. "थोडा डार्क करून देऊ का?"

"नको. असाच द्या."

दुकानदार कागद काढायला आत गेला. सुशील पडद्याकडे बघत होता. मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी काही बोललो नाही," तो म्हणाला. "वाटलं, बोललो तर तू अडकशील."

"आणि न बोलून?"

"मीच अडकून राहिलो नं वं." तो कसनुसा हसला. "तू जा. जाच तू. पण मले तू पाहिजे… तिथं असली तरी. हे साफ सांगून देतो."

बाहेर व्हरायटी चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते. उत्तराने स्टूल जरा जवळ ओढलं.

"अहमदाबादला थेट गाडी आहे," ती म्हणाली. "तोडणी संपली की ये."

"अन् आईले काय सांगू? ती रोज विचारते, ती पोरगी परत कवा येते?"

"सांग, होळीला." ती थांबली… आणि मग खाली न बघता म्हणाली, "माझे आई-बाबाही सोबत असतील म्हणावं."