श्रीदेवीचा अर्ज कोणी मागे घेतला?

"माझा अर्ज कुणीतरी मागं घेतला, मॅडम," एवढंच बोलून श्रीदेवी रडायला लागली.

खासगी गुप्तहेर भुवनेश्वरीबाई हत्तुरे यांनी तिला रडू दिलं. त्यांचे मदतनीस जोतीराम उगाचच वहीत तारीख लिहीत बसले. तीस वर्षं पोलिसात काढली, पण पोरीबाळींचं रडणं त्यांना झेपत नसे.

श्रीदेवीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. फी आणि वसतिगृहाचा भार एक ट्रस्ट उचलणार होता आणि तात्पुरत्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. बुधवारी दुपारी सव्वादोनला कुणीतरी पोर्टलवर जाऊन तिचा अर्ज मागे घेतला. संध्याकाळी पोर्टल बंद झालं. शिष्यवृत्ती नाही तर कॉलेज नाही, इतका सरळ मामला होता.

"पासवर्ड कुणाला ठाऊक?"

"कॅफेवाल्या शिवानंदकाकांना. त्यांनीच अर्ज भरला आन पासवर्ड पावतीच्या मागं लिहून दिला. पावती घरात देवाच्या फोटोमागं हाय. पण ओटीपी अप्पांच्या मोबाईलवर येतो."

शिवानंद भडकलाच. "शंभर पोरांचे पासवर्ड हायत माझ्याकडं! मी कशाला कुणाचं वाटोळं करू?"

यादीत दुसरी होती सुकन्या, श्रीदेवीची मैत्रीण. जोतीरामांचे डोळे चमकले.

"मला आता मिळंल, पण गोड लागंल का?" सुकन्या म्हणाली. "मंगळवारी समद्यांना मेसेज आला. गुरुवारी तपासणीला मानसं येणार, घरी आन वडिलांच्या कामावर बी. श्रीदेवीला ठाऊकच नव्हतं."

संध्याकाळी सहाला श्रीदेवीचे वडील ईरप्पा घराच्या दारातच भेटले. टॉवेल कारखान्यातून नुकताच आलो, म्हणाले. सायकल भिंतीला टेकलेली, सदरा स्वच्छ, केस तेल लावून चापून बसवलेले.

"बुधवारी कारखान्यात मागावर कापड इणत हुतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कॅफेवरून बोलतो म्हनून फोन आला. ओटीपीचा नंबर इचारला, मी सांगितला."

"शिवानंदच!" बाहेर पडताच जोतीराम म्हणाले. "उचलूया त्याला."

"आधी कारखाना बघू."

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याच्या शेडमध्ये शिरताच मागांच्या खडखडाटानं जोतीरामांच्या कानठळ्या बसल्या. ते बाईंच्या कानाशी ओरडले, बाईंना नुसते ओठ हललेले दिसले. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होते. दहा मिनिटांत बाहेर आले तर जोतीरामांच्या मिशीत, भुवयांत, खांद्यांवर कापसाची भुकटी. बाईंना मात्र हसू आलं नाही.

संध्याकाळी त्या ईरप्पांच्या घरी जाऊन बसल्या. श्रीदेवी आईच्या फोटोखाली उभी होती.

"ईरप्पा, त्या शेडमध्ये कानात ओरडलेलं ऐकू येत नाही. तुम्ही फोनवर सहा आकडे सांगितलेत?"

ईरप्पा मोबाईल खिशात सारायला लागले.

"तिथून सुटलेला माणूस भुकटीनं पांढरा होतो. काल तुमच्या अंगावर धागासुद्धा नव्हता. म्हणजे तुम्ही कारखान्यात नव्हताच. पावती तुमच्या घरात, ओटीपी तुमच्या खिशात. मंगळवारी तुमच्याच मोबाईलवर मेसेज आला की तपासणीवाले कामावर येणार, आणि बुधवारी अर्ज मागे गेला. तिथं काम असतं, तर घाबरायचं कारण काय होतं?"

"चार महिनं झालं," ईरप्पा जमिनीकडे बघत म्हणाले. "काढून टाकलं. पोरगी हुशार, बाप बिनकामाचा. तिला तोंड कसं दाखवू? आन अर्जात काम हाय म्हनून खोटं सांगितलं, तिलाच धरतील, वाटलं. दुसऱ्या कॅफेतल्या पोराकडून मेसेज वाचून घेतला, आन अर्ज मागं घ्यायचं बटन बी त्याच्याकडूनच दाबून घेतलं."

भुवनेश्वरीबाईंनी ट्रस्टचं पत्रक उघडलं. त्यांना ते वाचावंसं वाटत नव्हतं.

"वडिलांचं काम सुटलं असेल, तर त्या मुलाला पहिला हक्क. मराठीत छापलंय."

ईरप्पांची शाळा कानडी, तीही चौथीपर्यंत. पत्रकाकडे बघून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी सकाळीच ट्रस्टला फोन केला होता," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू म्हणतात. कॉलेजची जागा तोवर राहत नाही."

जोतीरामांनी वही मिटली. गुन्हेगार सापडला होता, आणि त्यांना तो सापडायला नको होता.

 श्रीदेवी डोळे पुसून वडिलांजवळ येऊन बसली.

"अप्पा, कारखान्यात टॉवेलाच्या घड्या घालायला पोरी घेत्यात न्हवं?" तिनं विचारलं. "मला इंग्रजी येतं, खोक्यांवरचे पत्ते बी वाचीन. मला घेतील की."