विरजणाचं पोतं

रस्त्यावर पडलेल्या पानांवरून दोन शहाणी माणसं भांडतील, असं कुणाला सांगून पटणार नाही. पण ती दोघं भांडली. तीही सकाळी सकाळी, भर रस्त्यात, झाडूवाल्या मावशींच्या देखत.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायची. हात स्थिर, नजर पक्की आणि जीभ या दोन्हींपेक्षा चपळ. पानगळ सुरू झाली की दुकान उघडायच्या आधी ती पोतं घेऊन त्या दाट झाडांच्या रस्त्यावर यायची. मावशी झाडून पानांचे ढीग लावायच्या, ही ते भरून गच्चीवर न्यायची आणि त्यांचं खत करायची. त्या खतावर तिची गच्ची बारा महिने हिरवी असायची. घरात जे त्या ऋतूत उगवेल तेच शिजायचं. त्यामुळे भोपळ्याच्या दिवसांत तिचे बाबा ‘आज जेवायला काय’ हा प्रश्न विचारणंच सोडून देत.

त्या सकाळी मात्र ढीग गायब होता. फुटपाथवर चार गच्च भरलेली पोती उभी होती आणि कोपरापर्यंत माती माखलेला एक उंच माणूस पाचव्याचं तोंड बांधत होता.

“ही पानं माझी आहेत,” ती म्हणाली.

त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग मान वर करून झाडाकडे. “झाडाला विचारलंत?”

“मावशींना विचारा. तीन वर्षं मीच नेते.”

“अरे वा… म्हणजे वहिवाट लागली की.”

मावशींना या खटल्यात काडीचा रस नव्हता. झाडू टेकवून त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघं भांडा बाबांनो. पण भांडता भांडता भरत राहा. मला रस्ता साफ हवाय.”

मग दोघंही वाकून भरायला लागली. भरता भरता तिनं उलटतपासणी घेतली. तो कुंभारकाम करत होता. मागच्या गल्लीतल्या जुन्या शेडमध्ये त्याचं चाक आणि भट्टी होती. कप, वाडगे, बरण्या बनवायचा आणि बाहेरगावी पाठवताना खोक्यात थर्मोकोलऐवजी वाळकी पानं भरायचा. पानं दाबून भरली की कप हलत नाही, आणि खोकं उघडल्यावर फेकून द्यायला काही उरत नाही, असं त्याचं म्हणणं. यात काहीतरी चूक काढावी म्हणून तिनं बराच विचार केला. चूक सापडली नाही, आणि त्यामुळे तिला त्याचा जास्तच राग आला.

शेवटी अर्धी पानं त्याची, अर्धी तिची असं ठरलं. तहाची अंमलबजावणी मात्र विचित्र झाली. दुसऱ्या दिवशी ती पोचायच्या आधीच तिच्या वाट्याची दोन पोती भरून तयार होती. घरी जाऊन उघडते तर आत एक खडा नाही, एक चॉकलेटचा कागद नाही, एक काडी नाही. कुणीतरी पानं हातानं निवडली होती. प्रेम कुठून सुरू होतं याबद्दल लोक काय काय सांगतात, चांदणं म्हणतात, डोळे म्हणतात. तिचं निवडलेल्या पानांपासून झालं, याला कुणाचा इलाज नाही.

आठवडाभरात ती शेडमध्ये जाऊ लागली. आधी निमित्त काढून, मग निमित्ताशिवाय. तिथं काहीच वाया जायचं नाही, ते तिला भलतंच आवडलं. फुटलेला कप कुटून त्याचा चुरा नव्या मातीत जायचा, हात धुतलेलं गढूळ पाणी बादलीत निवळायचं आणि खालचा गाळ पुन्हा चाकावर चढायचा. ती स्टुलावर बसून बोलत राही आणि तो चाक फिरवत ऐकत राही. त्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की पुढचं अर्धं ती स्वतःच पुरं करायची. बहुतेक वेळा बरोबर करायची, म्हणून तोही काही म्हणायचा नाही.

“तुम्ही कधी श्वास घेता का?” त्यानं एकदा विचारलं.

“तुम्ही ‘तुम्ही’ म्हणणं सोडलंत तर विचार करीन.”

चाक थांबलं. खिडकीतून तिरकं ऊन आत आलं होतं, त्यात मातीची बारीक धूळ तरंगत होती. तो खाली बघून हसला. “बरं… तू श्वास घेतेस का?”

ती उठली आणि कारण नसताना खिडकी पुसायला लागली.

बाबांना वास लागायला वेळ लागला नाही. एक दिवस घरात नवा मातीचा कप आला, मग दुसरा, मग बशा. “या घरात आधीच माणसांपेक्षा पोती जास्त,” ते म्हणाले, “आता ही कपबशी कोण?” तेव्हापासून त्याचं नाव घरात ‘कपबशी’च पडलं. कपबशी आज भेटली का, कपबशीला सर्दी झाली का, अशी चौकशी ते रोज न चुकता करत.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस त्यानं दादाची गोष्ट सांगितली. त्याच्या थोरल्या भावाचा प्लॅस्टिकचे कप बनवायचा कारखाना होता. एकदा प्यायचं आणि फेकायचं, ते कप. आईवडिलांमागे याच दादानं त्याला वाढवलं, शिकवलं. कुंभारकामाचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा दादा रागावला नाही, फक्त मुदत घातली. या झाडांना नवी पालवी फुटेपर्यंत एक मोठं, कायमचं गिऱ्हाईक मिळव. नाही मिळालं तर मुकाट्यानं कारखान्यात येऊन बस. यानं शब्द दिला होता.

“आणि शब्द पाळणार?” तिनं विचारलं.

“दादाला दिलेला आहे.”

हे त्यानं हसतच सांगितलं, पण त्याचे हात मातीवर तसेच थांबून राहिले. तिनं रस्त्यावरची झाडं डोळ्यांसमोर आणली. फांद्या निम्म्या उघड्या पडल्या होत्या. पानगळ संपत आली की आतापर्यंत तिला आनंद व्हायचा, कारण पुढे पेरणीचे दिवस. यंदा पहिल्यांदाच तिला वाटलं, झाडांनी जरा दमानं घ्यावं.

आणि गिऱ्हाईक मिळालं. शेजारच्या शहरात एक बाई नवं चहाचं दुकान उघडत होत्या. सगळे कप मातीचेच हवेत, असा त्यांचा हट्ट. पहिला माल पसंत पडला तर पुढच्या सगळ्या दुकानांचे कपही याचेच. तो रात्रंदिवस कामाला लागला. कप झाले देखणे. आतून गुळगुळीत, बाहेरून कोऱ्या मातीचे, हातात धरले की सोडवू नयेत असे.

माल भरायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला आणि नेमकी पानं कमी पडली. “थांब, माझ्याकडे ढीगभर आहेत,” असं म्हणून ती धावत गच्चीवर गेली.

आता इथं गच्चीचा एक नियम सांगायला हवा. तिच्याकडे पोती दोन प्रकारची असत. पांढऱ्या दोरीची पोती म्हणजे नुसती कोरडी पानं. लाल दोरीची म्हणजे विरजण लावलेली. विरजण म्हणजे तिचं जुनं, जिवंत खत. ते पानांत कालवून पाणी शिंपडलं की आत ऊब धरते आणि पानं कुजायला लागतात. वरून कोरड्या पानांचा जाड थर टाकलेला असतो, म्हणून वरवर बघून दोन्ही पोती सारखीच दिसतात. फरक काय तो दोरीचा. हा नियम तिनंच केलेला होता आणि झोपेतही ती तो चुकली नसती.

पण ती झोपेत नव्हती. तो तिच्या मागोमाग गच्चीवर आला होता, आणि भोपळ्याच्या वेलापाशी उभा राहून म्हणाला होता, “इथं येऊन बसलं की… जावंसं वाटत नाही.” तिनं हाताला लागलं ते पोतं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. दोरी बघितलीच नाही. खाली शेवटची खोकी तिनंच भरली, बडबड करत. मुठीला किंचित ओलसर लागलं, ते तिनं संध्याकाळच्या गारव्यावर ढकललं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माल शेजारच्या शहरातल्या गोदामात पडून राहिला, कारण दुकानाचं रंगकाम लांबलं. चार-पाच दिवसांनी ती विरजणाची पोती चाळवायला गच्चीवर गेली. एक लाल दोरीचं पोतं कमी होतं. तिनं पुन्हा मोजलं, मग पांढऱ्या दोरीची मोजली, ती एकानं जास्त भरली. बंद खोक्यांत विरजण लागलं होतं.

ती धावत शेडमध्ये गेली. धापा टाकत काय काय बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं, तो फक्त म्हणाला, “उद्या खोकी उघडणार आहेत. मला बोलावलंय.”

“मीही येणार,” ती म्हणाली. “चूक माझी आहे. मीच सांगणार.”

दुकानाच्या मालकीणबाई करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. पहिली खोकी उत्तम निघाली. कप कोरडे, एकाला टवका नाही. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान उमटू लागलं. मग त्यांनी शेवटच्या खोक्यांतलं एक उघडलं आणि आतून वाफ आली. पानं काळी पडून कपांना चिकटली होती, कोऱ्या मातीवर पांढरी बुरशी चढली होती, आणि एका कपाच्या कानातून भोपळ्याचं कोवळं रोप मान वर काढून बघत होतं.

तिनं एक शब्दही न लपवता सगळं सांगितलं. दोऱ्यांचा नियमसुद्धा. बाईंनी शांतपणे ऐकलं. कप उचलला, वास घेतला, खाली ठेवला.

“काम चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “पण हे मी कुणाच्या ओठाला लावू शकत नाही. आणि उद्घाटनाला सगळे कप सारखे लागतात मला. आत्ता मी दुसरीकडून घेते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा आणा, तेव्हा बघू.”

दोन-तीन महिन्यांनी. तोवर झाडं पालवीनं भरून गेली असती.

बाकीची नंतर टेम्पोनं न्यायची ठरवून, खराब झालेली खोकी घेऊन दोघं बसथांब्यावर येऊन बसली. समोरच्या झाडावर शेंड्याला तांबूस, चकचकीत पानं दिसायला लागली होती. तिनं ती बघितली आणि नजर वळवली. पण मनात आलेलं गिळून टाकणं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि ती आत्ता तरी स्वभाव बदलणार नव्हती.

“हे बघ,” ती म्हणाली, “मी एकदाच बोलणार आहे. तू माझ्यामुळे चाललायस, ते मला आयुष्यभर लागणार. जा. शब्द दिलायस, पाळ. पण जाताना एक ऐकून जा. मला तुझी पानं नको होती. म्हणजे पहिल्या दिवशी हवी होती. नंतर मी तुझ्यासाठी येत होते. तू कारखान्यात बसलास, प्लॅस्टिकचे कप विकलेस, तरी मला तूच आवडणार. तुझे कप नाही आवडणार, ते आधीच सांगते. पण तू—”

“मी काल दादाला फोन केला,” तो म्हणाला.

ती थांबली.

“येत नाही म्हणून सांगितलं.”

“काल? काल तर मी तुला पोत्याचं सांगायला आले होते. हा माल हातचा गेलाच, हे तुला कालच कळलं होतं.”

“हो. तू गेल्यावर लगेच केला फोन.”

“वेडा आहेस का? गिऱ्हाईक गेल्यावर?”

“तू धापा टाकत आलीस… पहिलं वाक्य काय बोललीस, आठवतंय?” तो तिच्याकडे न बघता, खोक्याची दोरी बोटाला गुंडाळत बोलत होता. “कपांचं नाही बोललीस. पोत्याचंही नाही. ‘आता तू जाणार’ असं म्हणालीस, आणि रडायला लागलीस. मग मला वाटलं, मी कशासाठी गिऱ्हाईक शोधत होतो? राहता यावं म्हणूनच ना. मग राहूनच शोधावं.”

रस्त्यावरून एक सायकल गेली, एक आजोबा पिशवी घेऊन गेले. “दादा काय म्हणाला?” तिनं शेवटी विचारलं, अगदी हळू.

“आधी खूप बोलला. शब्दाचं बोलला, आईचं बोलला. मी सगळं ऐकून घेतलं, ते त्याचं बरोबरच आहे. दमला तेव्हा विचारलं, मुलगी काय करते. म्हटलं, चष्म्याच्या काचा बसवते आणि रस्त्यावरची पानं गोळा करते. मला वाटलं, आता फोन आपटणार. आणि मग म्हणाला, म्हणजे लग्नात माझे कप चालणार नाहीत तर.”

ती हसली. हसता हसता ओढणीनं डोळे पुसले आणि त्या धांदलीत गालाला काळी पानं फासली गेली.

“लग्न?” ती म्हणाली. “तुझ्या दादाला बरं माहीत. मला अजून कुणी विचारलेलं नाही.”

“विचारणारच होतो. दोनदा सुरुवातही केली होती. दोन्ही वेळा अर्ध्यावर आल्यावर पुढचं तूच बोललीस, आणि भलतंच बोललीस.”

“मग आत्ता विचार.”

बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं खोक्यांकडे आणि या दोघांकडे पाहिलं, आणि बस निघून गेली. त्यानं दोरी बोटावरून सोडवली, तिच्याकडे वळून बसला आणि विचारायला सुरुवात केली. मध्ये तो दोनदा अडखळला, एकदा पार थांबला. पुढचा शब्द तिला ठाऊक होता, अगदी जिभेवर होता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि वाट पाहिली. वाक्य पुरं झाल्यावरच ती ‘हो’ म्हणाली.